‘धन्यवाद’ म्हणेपर्यंत

झुल्मा बेंतांकूरनं नऊ वर्षं ब्राझीलच्या सीमेजवळच्या मेलो गावातल्या एका शाळेच्या भटारखान्यात काढली. नव्वद पोरांचा मसुराचा रस्सा ती गप्पा मारत मारत करायची. मीठ चाखून बघायची तिला कधी गरजच पडली नाही, वाफेवरून कळायचं. छत्तिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, एका सोमवारी तिनं हातातला डाव खाली ठेवला, एप्रन सोडला आणि शिक्षक विद्यालयात जाऊन नाव घालून आली. घरी आली तेव्हा तिचा नवरा एका ट्रकच्या टायरात खांद्यापर्यंत शिरलेला होता. त्याचं पंक्चरचं दुकान घराला चिकटूनच आहे.

"मी शिक्षिका होणार," झुल्मा म्हणाली.

"जेवायला काय आहे?" टायरातून आवाज आला.

"अरे, मी शिक्षिका होणार म्हणतेय."

"ऐकलं ना. शिक्षिका झालीस तरी भूक लागायची थांबणार आहे का?"

नवऱ्याचं नाव वॉशिंग्टन. आमच्या भागात दर तिसरा माणूस वॉशिंग्टन, विल्सन नाहीतर नेल्सन असतो. नावं अशी सातासमुद्रापलीकडची आणि माणसं आयुष्यात एकदा ब्राझीलच्या सीमेवर जाऊन साबण घेऊन येतात, तेवढाच काय तो परदेश.

पहिली तीन वर्षं झुल्मानं झोकात काढली. बालमानसशास्त्रात तर ती पहिली आली. नव्वद पोरांना नऊ वर्षं भाजी खायला लावलेल्या बाईला बालमानसशास्त्र वेगळं शिकवायला लागत नाही. घोडं अडलं ते चौथ्या वर्षाच्या एका विषयात. विषयाचं नाव ‘वर्गातील तंत्रज्ञान’.

आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला सरकारकडून लॅपटॉप मिळतो. दुधाचे दात पडायच्या आत पोरं त्यावर बोटं चालवायला लागतात. शिक्षकाला पोरांपेक्षा जास्त यायला हवं, अशी विद्यालयाची साधी अपेक्षा. झुल्माला वाटायचं, याच्यापेक्षा नव्वदाच्या जागी नऊशे पोरांचा रस्सा सांगितला असता तर बरं झालं असतं.

विषय शिकवायला फाब्रिसियो नावाचे सर होते. सर म्हणायचं एवढंच, वय सव्वीस. हनुवटीवर पेन्सिलीनं काढल्यासारखी दाढी, आणि एका श्वासात तीन वाक्यं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सोप्पंय!" दाढ उपटणारा डॉक्टर "दुखणार नाही" म्हणतो ना, तसं. झुल्मा त्या शब्दाला घाबरायला लागली होती.

पडद्यावर रंगीत ठोकळे असायचे. ते एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालायचं, उडी मारायचं, म्यांव करायचं. इथपर्यंत झुल्माला कळलं. मग सरांनी ‘पुन्हा पुन्हा कर’ नावाचा ठोकळा काढला.

"याला शेवटची अट द्यायची, झुल्मा. अमुक होईपर्यंत कर. अट नसेल तर ते थांबत नाही, चालूच राहतं, कळलं ना, सोप्पंय!"

झुल्मानं मान हलवली, म्यांवचा ठोकळा ‘पुन्हा पुन्हा’च्या पोटात घातला आणि चालू केलं. नेमक्या त्याच वेळी विद्यालयाच्या प्राचार्या वर्गात दोन शब्द बोलायला आल्या.

प्राचार्यांचे दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले. मांजरही चाललं. झुल्मानं लॅपटॉप मिटला, तरी आतून म्यांव. पिशवीत घातला, पिशवीतून म्यांव. शेवटी मांडीवर घेऊन वर स्वेटर दाबून धरला, तेव्हा म्यांव जरा दुरून, दुःखी असल्यासारखं यायला लागलं.

"कुणी मांजर आणलंय का वर्गात?" प्राचार्या थांबून म्हणाल्या.

तीस जणांनी एकदम झुल्माकडे पाहिलं. झुल्मानं खिडकीबाहेर पाहिलं, जणू मांजर तिकडे आहे.

घरी हे सगळं ऐकून वॉशिंग्टन गंभीरपणे म्हणाला, "घरी नको आणूस हं. आपल्याकडे कुत्रा आहे."

त्यानंतर ‘अट’ हा शब्द नुसता ऐकला तरी झुल्मा लॅपटॉपवर स्वेटर दाबून धरायची. सर समजावायचे, ती मान हलवायची, रात्रभर लक्षात राहायचं आणि सकाळी ठोकळ्यांसमोर बसलं की सगळं वाफ होऊन जायचं. आणि वर्षाअखेरीस परीक्षेचा पाठ याच विषयावर द्यायचा होता. पासो ओंदोच्या त्रेसष्ट नंबरच्या शाळेत, चौदा पोरांसमोर, इन्स्पेक्टर मागच्या बाकावर. नापास झालं की अख्खं चौथं वर्ष पुन्हा. झुल्मानं मनाशी ठरवून टाकलं होतं, चाळिशीला आलेल्या बाईनं एक वर्ष दोनदा करायचं नाही. भटारखान्यातली तिची जागा डिसेंबरपर्यंत रिकामी ठेवली होती. तिथं खुंटीला तिचा डाव अजून टांगलेला होता. नापास झालं की सरळ जायचं आणि तो उचलायचा.

पासो ओंदोची शाळा नेली बाईंची. वय बासष्ट, केस पांढरे, काखेत थर्मास. हा थर्मास त्या जन्माला येतानाच घेऊन आल्या असाव्यात. फळ्यावर लिहितानासुद्धा काढत नसत, म्हणून त्यांचं अक्षर एका बाजूला झुकलेलं, आणि गावातल्या तीन पिढ्यांचं अक्षर त्याच बाजूला झुकलेलं.

"कोण येणार आहे तपासायला?" नेली बाईंनी विचारलं.

"इराला साहेब."

"अगं आई गं." बाईंनी माते भरली. माते म्हणजे आमचा प्राण. तुंब्यात कडू पाला, वरून गरम पाणी, आणि धातूच्या नळीनं ओढायचं. "सभ्य माणूस हो. इतका सभ्य की दार उघडलं तर दाराला धन्यवाद म्हणतो. पण पोरी, एक सांगून ठेवते. पाठ झाल्यावर त्याला आपण माते देतोच. नापास करायचं असलं की तो एकच घेतो, ‘धन्यवाद’ म्हणतो, टोपी घालतो आणि गाडीत बसतो. चाळीस वर्षं बघतेय मी."

"आणि पास करायचं असलं की?"

नेली बाईंनी जरा आठवून पाहिलं. "तसं फारसं झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी दुपारी झुल्माच्या अंगणात नेहमीप्रमाणे माते चालली होती. ओतायला वॉशिंग्टन, शेजारीपाजारी गोल बसून एकाच तुंब्यातून पाळीपाळीनं पिणारे, आणि नवीन आलेली शेजारीण ओदालिस. ओदालिस क्यूबाची, दवाखान्यात नर्स, महिन्याभरापूर्वी मेलोत आलेली. बडबडी बाई, पण त्या दिवशी तासाभरात तिचा चेहरा उतरत उतरत हनुवटीवर आला होता. शेवटी ती झुल्माकडे सरकली.

"झुल्मा, तुझ्या नवऱ्याचं माझ्याशी काही भांडण आहे का गं?"

"काय गं? कशावरून?"

"चार फेऱ्या झाल्या. तुंबा माझ्या नाकासमोरून जातोय. मी काय विजेचा खांब आहे का?"

वॉशिंग्टननं ऐकलं. "तूच नको म्हणालीस की!"

"मी? कधी?"

"पहिल्याच फेरीला. प्यायलीस, तुंबा दिलास आणि म्हणालीस धन्यवाद."

"मग काय म्हणावं चांगल्या घरच्या बाईनं?"

"काही म्हणू नये. गप्प तुंबा परत द्यावा. धन्यवाद म्हणजे पुरे, आता नको. मग पुढे कशाला द्यायचं उगाच?"

"अरे देवा!" ओदालिसनं कपाळावर हात मारला. "आणि मी महिनाभर दवाखान्यात हेच करतेय! मला वाटलं, इथली माणसं काय कंजूष, पाहुण्याला एकदाच पाजतात! आणि सगळे गप्प तुंबा परत देतात, तेव्हा वाटलं, उद्धटही आहेत!"

सगळे खो खो हसले. झुल्मा तेवढी हसली नाही. तिच्या हातातलं बिस्कीट तोंडाच्या वाटेवर थांबलं होतं.

"वॉशिंग्टन," ती म्हणाली, "समज, हिनं धन्यवाद म्हटलंच नसतं तर?"

"तर देत राहिलो असतो."

"किती वेळा?"

"किती वेळा म्हणजे? म्हणेपर्यंत."

"म्हणेपर्यंत!" झुल्मा उठून उभी राहिली. "अरे, भर, दे, परत घे. भर, दे, परत घे. धन्यवाद म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा कर! हीच ती अट! अट म्हणजे धन्यवाद! मेलं ते मांजर कधी धन्यवाद म्हणालंच नाही, म्हणून ओरडत बसलं!"

आणि ती घरात पळाली. ओदालिस घाबरून वॉशिंग्टनकडे बघायला लागली.

"शिकायला लागल्यापासून होतं तिला असं," वॉशिंग्टन म्हणाला आणि ओदालिसला तुंबा भरून दिला.

पुढचे पंधरा दिवस झुल्मा आणि पासो ओंदोची चौदा पोरं यांनी मिळून जे केलं ते असं. पडद्यावर एक तुंबा. त्याला पोरांनी डोळे काढले, आणि मिशा पण, कारण मिशांवर मतदान झालं. हा तुंबा वर्गात एकेकाच्या नावापाशी जातो, पाढ्यातला प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं की पुढच्याकडे जातो. गोल गोल, न थांबता. कुणी ‘धन्यवाद’ म्हटलं की तुंबा वाकून नमस्कार करतो, "बरं, राहू द्या मग!" म्हणतो आणि खेळ संपतो. हे वाक्य नेली बाईंच्या आवाजात भरलं होतं. नेली बाईंनी ते अकरा वेळा पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा कुठं त्यांना आवडलं.

लॅपटॉपला शब्द ओळखायला शिकवायला लागतं. तो एकच शब्द पुष्कळ जणांकडून म्हणवून घ्यायचा. चौदा पोरांनी दहादहा वेळा धन्यवाद म्हटलं. पण झुल्मा भटारखान्यातली बाई, सगळ्यांना पुरायला हवं हा तिचा धर्म. तिला वाटलं, हे यंत्र पोरांचंच ऐकेल आणि मोठ्यांना बहिरं राहील. मग पाववाला आला की त्याच्याकडून म्हणवून घेतलं. दुधाच्या ट्रकचा घोगरा ड्रायव्हर, पोलीस चौकीतला हवालदार, पोरांना न्यायला आलेल्या आया, कुणालाही सोडलं नाही. त्या पंधरवड्यात पासो ओंदोत शाळेच्या दारावरून धन्यवाद म्हटल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. हवालदार तर दोनदा येऊन गेला, पहिल्यांदा आपला आवाज नीट आला नाही म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरांचे पांढरे डगले कडक इस्त्रीचे, गळ्यात निळे बो. झुल्माचाही डगला पांढरा. एप्रनची सवय असल्यानं ती सारखे हात त्याला पुसत होती. फाब्रिसियो सर आले होते, पण त्यांच्या तोंडून "सोप्पंय" निघेना. इराला साहेब गाडीतून उतरले. बारीक अंगाचे, टोपी हातात, बोलणं रेशमी. फाटक उघडणाऱ्या ब्रिसाला त्यांनी धन्यवाद म्हटलं, खुर्ची देणाऱ्याला म्हटलं, खुर्चीवर बसल्यावर बहुतेक खुर्चीलाही.

ब्रिसा चौथीतली. दोन वेण्या, पुढचा एक दात नाही, आणि मनात आलेलं तोंडात यायला वेळ लागत नाही असा स्वभाव.

पाठ छान सुरू झाला. पोरांनी गोल बसून रिकामा तुंबा फिरवला. झुल्मानं विचारलं, ओतणारा कधी थांबतो? चौदा तोंडांतून एकच उत्तर. ठोकळे जोडले गेले. मोठ्या पडद्यावर मिशीवाला तुंबा आला, ब्रिसाच्या नावापाशी गेला. सात आठे?

"छप्पन्न!" ब्रिसा ओरडली.

"धन्यवाद, बाळ," इराला साहेब मागून हळूच म्हणाले.

तुंबा वाकला. "बरं, राहू द्या मग!" पडदा काळा.

झुल्मानं हात डगल्याला पुसले. तिनं पुन्हा चालू केलं. तुंबा दुसऱ्या पोरापाशी गेला. सहा नवे? चोपन्न.

"छान. धन्यवाद."

"बरं, राहू द्या मग!"

फाब्रिसियो सर टेबलाखाली वायरी बघायला शिरले. नेली बाईंनी काखेतला थर्मास दुसऱ्या काखेत घेतला, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. झुल्माला आता कळलं होतं कुणामुळे होतंय, पण सभ्यपणाबद्दल इन्स्पेक्टरला कसं टोकायचं? खुंटीवरचा डाव तिला स्पष्ट दिसायला लागला.

ब्रिसा मागे वळली. "साहेब, तुम्ही गप्प बसा ना जरा!"

नेली बाईंनी थर्मास परत पहिल्या काखेत घेतला.

"मी?" इराला साहेब गोंधळले. "मी काय केलं? मी फक्त धन्यवाद—"

"बरं, राहू द्या मग!" तुंबा म्हणाला. खेळ या वेळी सुरूही झाला नव्हता, नुसता तयार होता, तरी म्हणाला.

एक पोरगं हसलं, मग चौदाच्या चौदा. टेबलाखाली फाब्रिसियो सरांचं डोकं आपटल्याचा आवाज आला. इराला साहेबांचे कान लाल झाले. आणि झुल्माला काय झालं, तिलाही हसू फुटलं. भटारखान्यात रस्सा करपला की ती असंच हसायची, आणि मग बाही वर करायची. तिनं बाह्या वर केल्या.

"ए, ऐका रे. तुंब्याचं चुकलं का?"

"नाही!" पोरं म्हणाली. "आपण सांगितलं तेच केलं त्यानं."

"मग कुणाचं चुकलं?"

पोरं एकमेकांकडे बोटं दाखवायला लागली. झुल्मा म्हणाली, "माझं. मीच सगळ्या गावाचा आवाज भरला ना. आता सांगा, घरी असं होतं का? आजोबांच्या हातात तुंबा आहे, आणि रस्त्यावरून कुणी ओरडला धन्यवाद, तर आजोबांची माते बंद होते?"

"छ्या!" ब्रिसा म्हणाली. "ज्याच्या हातात तुंबा असेल त्यानंच म्हणायला पाहिजे. बाकीच्यांनी म्हटलेलं चालत नाही."

"मग तुंबा कुणाच्या हातात आहे, हे त्याला कसं कळणार?"

पोरं भांडायला लागली. शेवटी ठरलं, ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या लॅपटॉपवरचं एक बटण दाबून धरायचं. बटण दाबलेलं म्हणजे तुंबा हातात. बटण दाबलेलं असेल तेव्हा धन्यवाद म्हटलं तरच थांबायचं.

"पण या दोन गोष्टी एका अटीत घालायच्या कशा, ते मला येत नाही," झुल्मा म्हणाली. इन्स्पेक्टरसमोर हे म्हणताना तिची जीभ जरा अडखळली, पण म्हणाली. "कुणाला माहीत आहे?"

ब्रिसा उठली, ठोकळ्यांच्या ढिगात वर खाली गेली आणि एक हिरवा ठोकळा ओढून आणला. त्यावर एकच शब्द होता: ‘आणि’.

"हा बघा, बाई. बटण दाबलंय *आणि* धन्यवाद ऐकलं."

झुल्मा त्या ठोकळ्याकडे बघत राहिली. पंधरा दिवस तो तिथंच पडला होता, आणि तिनं त्याला साधं विचारलंही नव्हतं. तिनं तो जागेवर बसवला, दोन्ही बाजू भरल्या, आणि मागे वळून म्हणाली, "साहेब, आता म्हणून बघा."

इराला साहेब उभे राहिले. घसा साफ केला. "धन्यवाद," ते म्हणाले. तुंब्यानं मिशीचा केसही हलवला नाही. "धन्यवाद. पुष्कळ धन्यवाद. मनापासून आभार आणि धन्यवाद!" तुंबा शांतपणे पुढच्या पोराला आठ नवे विचारत होता. इराला साहेबांना इतका आनंद क्वचितच झाला असेल. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हवं तितकं धन्यवाद म्हणायला मिळालं होतं.

पाठ संपल्यावर सगळे त्या शाळेच्याच भटारखान्यात आले. झुल्मानं सवयीनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला, मीठ कमी वाटलं, पण बोलली नाही. नेली बाईंनी माते भरली आणि इराला साहेबांच्या हातात दिली. फाब्रिसियो सर कपाळावरचं टेंगूळ चाचपत भिंतीला टेकले. नळीतून शेवटचा घोट ओढल्याचा खर्रर्र आवाज आला, म्हणजे तुंबा रिकामा झाला.

इराला साहेबांनी तोंड उघडलं. "ध—"

झुल्मानं डोळे मिटले.

आवाज तिथंच थांबला. तिनं डोळे उघडले तेव्हा साहेबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, शाळेत गप्प बसायला सांगितलेल्या पोरासारखे, आणि तुंबा नेली बाईंकडे धरला होता. नेली बाईंनी तो घेतला, भरला, एक फेरी सगळ्यांना दिली. पुन्हा इराला साहेब. पुन्हा ओठ मिटून परत. तिसऱ्या मातेनंतर ते म्हणाले, "बेंतांकूर बाई, तो ‘आणि’ तुम्हाला आधी माहीत होता?"

"नाही साहेब."

"मग आज पाठ कुणी दिला?"

"अर्धा मी, अर्धा ब्रिसानं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चौथ्या मातेसाठी हात पुढे केला. नेली बाईंनी तुंबा भरायला घेतला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून पहिल्यांदा पाणी सांडलं.

गाडी गेल्यावर झुल्मानं नवऱ्याला फोन लावला.

"काय झालं?" वॉशिंग्टननं विचारलं. मागून हवा भरायच्या मशीनची धडधड येत होती.

"चार माते प्यायले. धन्यवाद न म्हणता."

मशीन बंद झालं.

"चार?"

"चार. वॉशिंग्टन, मी शिक्षिका झाले."

"ऐकलं," वॉशिंग्टन म्हणाला. त्यानं जोरात नाक ओढलं आणि मग विचारलं, "जेवायला काय करू?"